गादीवालीने उघडलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझा रंग कधीकाळी निळा होता. आता कोणता आहे ते तुम्हीच ठरवा. देवाने मला जीभ दिली नाही, हॉर्न दिला, आणि तोही दोन वर्षांपासून मनात आलं तरच वाजतो. तरीसुद्धा आज मी बोलणार आहे. एक गोष्ट मी बरेच दिवस पोटात ठेवली आहे आणि तिच्यात माझीही थोडी लाज आहे. ती आधीच कबूल करून टाकते. या गोष्टीत मी चांगली वागलेली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथे शंभर हातांनी मला जोडलं. त्यातल्या एकाही हाताला विचार करावा लागला नाही, इतके ते कामात मुरलेले होते. तेव्हापासून मला गर्व जडला. मला हात लावायचा तो जाणत्यानेच, बाकीच्यांनी लांबून बघावं, अशी माझी समजूत.

आधी मी एका डॉक्टरांकडे होते. त्यांच्याकडे रोज सकाळी मला अंघोळ घालत. पुढे एका ड्रायव्हरने मला घेतलं आणि चौदा वर्षं भाड्याने चालवली. तो मला मनापासून जपायचा. समोरची काच खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचा आणि गिऱ्हाइकाने दार आपटलं तर गिऱ्हाइकावर डोळे काढायचा. माझ्या आवाजातला जरासा फरकही त्याला कळायचा. पण बॉनेटखाली त्याने कधी हात घातला नाही. जरा कुठे खट्ट झालं की तो मला उस्तादांकडे नेई.

उस्ताद म्हणजे शेजारच्या गॅरेजचे मालक. एका अंगणात दोन बिऱ्हाडं होती. डावीकडे उस्तादांचं गॅरेज, उजवीकडे ड्रायव्हरचं घर, आणि दोहोंच्या मध्ये पत्र्याची एक भिंत. उस्ताद स्वतः मार खात शिकलेले. त्यामुळे विद्या चामडीतूनच आत शिरते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या हाताखाली दोन मिस्त्री होते, दोघेही मिशीवाले बाप्ये, पण उस्तादांपुढे त्यांची गोगलगाय व्हायची. उस्ताद शिकवत कमी आणि शिव्या जास्त देत. "अरे बैला, गरम इंजिनाचं झाकण उघडतोस, तोंड भाजून घ्यायचंय का? आधी गार होऊ दे." "एका दमात आवळू नकोस रे, नळावरचं भांडं घासतोयस का? तीन दमात आवळ, तीन." प्रत्येक शिवीच्या शेपटीला एक धडा बांधलेला असे. मिस्त्रींच्या वाट्याला शिवी येई आणि धडा पत्र्यातून पलीकडे गळून जाई.

पलीकडे तो कोण वेचत होतं, हे उस्तादांना बारा वर्षं कळलं नाही.

पत्र्याच्या पलीकडे ड्रायव्हरच्या बायकोचं शिवणयंत्र होतं. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, गाद्या भरायची. सगळे तिला गादीवाली म्हणत. पाय यंत्रावर, नजर टाक्यावर आणि कान पत्र्याला, असा तिचा दिवस जाई. भाविक माणूस प्रवचन ऐकताना शब्द न् शब्द मनात साठवतो ना, तशी ती ऐकायची. शिवी गाळायची आणि धडा ठेवून घ्यायची. बारा वर्षं हेच तिचं श्रवण. तिला कुणी शिष्य म्हटलं नाही आणि तिनेही कुणाला गुरू म्हटलं नाही.

आता माझ्या अपघाताकडे येते. ड्रायव्हरची नजर हळूहळू अधू होत होती. त्याने ते घरात सांगितलं नव्हतं. एका दुपारी चढावर माझ्यातलं पाणी कमी झालं आणि माझा गरमपणा दाखवणारा काटा वर सरकायला लागला. तो लाल रेघेवर गेला, मग रेघेच्याही वर. मी दुसरं काय करणार? मी तो काटा त्याच्या तोंडासमोर धरून उभी होते. त्याला तो दिसला नाही. शेवटी माझ्यातून वाफेचा लोट उठला आणि मी रस्त्यातच बसले.

दोरीने ओढून मला अंगणात आणलं. उस्तादांनी बॉनेट उघडून बघितलं आणि हात पुसले. "हेडचं पॅकिंग गेलं," ते म्हणाले. "हिच्यात आता जीव घालण्यात अर्थ नाही. भंगारात द्या."

इंजिनाला धड असतं आणि वर डोकं असतं. त्या डोक्याला हेड म्हणतात. दोघांच्या मध्ये एक पातळ पट्टी असते, ते पॅकिंग. ती फाटली की आतलं पाणी, तेल आणि आग एकमेकांच्या घरात शिरतात.

ड्रायव्हरने सगळ्यांना सांगितलं, "गाडीने दगा दिला." काट्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून मी त्याचा राग धरला. आठ महिने मी अंगणात धूळ खात उभी राहिले. चिमण्यांनी माझ्या टपाची पार रया घालवली. चिमण्यांचा मला राग नव्हता. माणसांचा होता, सगळ्याच माणसांचा.

मग भंगारवाला ठरला. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी तो येणार होता. ते ऐकून गादीवाली यंत्रावरून उठली.

"अहो, तोपर्यंत गाडी मला द्या."

"तू काय करणार गाडीचं?"

"उघडणार आणि पॅकिंग बदलणार."

ड्रायव्हर हसला. ते हसणं मला अजून आठवतं. "कव्हर बदलण्याइतकं सोपं वाटलं का? उस्तादांनी हात टेकले तिथे तू?"

"उस्तादांनी हात टेकले नाहीत, हात पुसले. तेही मी बघितलं."

ड्रायव्हरचा आवाज चढला. "ठीक आहे. शनिवारी भंगारवाल्यासमोर ती स्वतःच्या ताकदीने फाटकाबाहेर गेली, तर तुझी. मग अंगणात पाट्या लाव, गाड्या दुरुस्त कर, काय वाटेल ते कर. नाही गेली, तर पुन्हा पान्याला हात लावायचा नाही. आयुष्यात नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

मित्रांनो, इथे तुम्हाला वाटेल की मला आनंद झाला. मुळीच नाही. मला संताप आला. भंगारात जाईन, पण गाद्या भरणाऱ्या हातांनी उघडली जाणार नाही, असं मी मनाशी ठरवलं. आणि मी तिच्याशी वैर धरलं.

पहिल्याच दिवशी माझा एक बोल्ट मी असा धरून ठेवला की तिचा पाना सटकला आणि चार बोटांची सालं निघाली. तिने बोटं तोंडात घातली आणि माझ्याकडे बघितलं. "मेले, तुझं बारसं मी जेवलेली नाही, पण तेरावं जेवायचं नाही ठरवलंय. सोड." मी सोडला नाही. तिने बोल्टवर तेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. तोवर तेल आत मुरलं होतं. माझी धरलेली मूठ आपोआप सैल झाली.

ती जे काही काढी, ते एका खोक्याच्या पुठ्ठ्यात भोकं पाडून त्यात खोचून ठेवी. शिंपी कापडावर खुणा करतो त्या खडूने तिने प्रत्येक भोकाशेजारी आकडा टाकला. इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या माझ्या आठ बारीक दांड्या पुठ्ठ्यात ओळीने उभ्या राहिल्या. जी जिथून काढली ती तिथेच परत जायला हवी, हे तिने पत्र्याआडून ऐकलेलं होतं.

उस्ताद फाटकाशी येऊन उभे राहिले. मागे दोन्ही मिस्त्री.

"गादीवाली बाई, उशी आहे का ती? कापूस काढायचा आणि परत कोंबायचा?"

"उशीत कापूस कमी पडला तर गिऱ्हाईक बोंब मारतं, उस्ताद. तुमच्याकडे चार बोल्ट उरले तरी कुणी विचारत नाही."

एक मिस्त्री खुदकन हसला. उस्तादांनी त्याच्याकडे बघितल्यावर त्याला खोकला आला.

"एवढं शिकवलं कुणी तुला?"

"तुम्हीच. बारा वर्षं. आवाज मोठा आहे तुमचा."

हे ती सहज बोलून गेली आणि तिथेच चुकली. उस्तादांचा चेहरा काळवंडला. आपली विद्या कुणीतरी पत्र्याच्या फटीतून चोरली, अशा नजरेने ते भिंतीकडे बघत राहिले. तासाभरात त्यांनी हवा भरायचा कॉम्प्रेसर ढकलत आणला आणि नेमका त्या पत्र्याला चिकटवून सुरू केला. त्यानंतर दिवसभर धडधड, धडधड. पलीकडून शिवीही ऐकू येईना, धडाही ऐकू येईना.

ती पॅकिंग आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेली, ते परत येऊन तिने यंत्रापाशी बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, म्हणून मला कळलं. दुकानदाराने विचारलं, मिस्त्री कोण? ही म्हणाली, मीच. तो म्हणाला, मिस्त्रीला पाठवा, मग देतो.

"मग?" ड्रायव्हरने विचारलं.

"मग काय. जुनं पॅकिंग काउंटरवर पसरलं. म्हटलं, यावर ठेवून भोकांना भोक जुळणारं द्या. कापड बेतायला मिस्त्री लागत नाही."

"दिलं?"

"दोन घेतली. एकात चूक झाली तर."

"होणारच चूक," ड्रायव्हर म्हणाला आणि उठून आत गेला.

आणि चूक झाली. ती कशी झाली ते नीट ऐका. ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. माझ्या डोक्यावर दहा बोल्ट आहेत, पाच-पाचच्या दोन ओळी. गादीवालीने माझं हेड स्वच्छ पुसलं. आपली लोखंडी पट्टी आडवी धरून ते सपाट आहे की वाकलं आहे, तेही बघितलं. नवं पॅकिंग बसवलं आणि हेड वर ठेवलं. मग तिने बोल्ट आवळायला घेतले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीने, जसं शिवण घालतात तसं. पहिला, दुसरा, तिसरा, शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. तीन दमात, ऐकलं होतं तसंच. किती दमात ते उस्ताद बोलत, पण कोणता बोल्ट आधी आणि कोणता नंतर हे ते कधी बोलत नसत. ते हाताने दाखवत. आणि पत्र्याच्या भिंतीतून हात दिसत नाही.

मंगळवारी तिने किल्ली फिरवली. मी सुरू झाले. ड्रायव्हर दारात आला. गादीवालीच्या चेहऱ्यावर हसू उमटू लागलं. मला मात्र आतून कळत होतं की हेड एका बाजूने दबलंय आणि दुसऱ्या बाजूने उचललंय. मी गरम झाले तशी पाण्याला वाट मिळाली. मागून पांढरा धूर निघाला, दाट आणि ओलसर, आणि अंगणभर पसरला. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. मोडावं पण हिच्यापुढे वाकू नये, अशी माझी बुद्धी झाली होती.

तिने इंजिन बंद केलं आणि ऑईल मोजायची पट्टी ओढून बघितली. ऑईल दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं.

उस्ताद धूर बघून धावत आले. आधी हसले. "धुराडं चांगलं पेटवलंस. पाण्याची वाफ निघते तुझ्या गाडीतून, इस्त्री करायला घे."

मग त्यांची नजर माझ्या दहा बोल्टांवर गेली. त्यांवर तिच्या खडूचे आकडे होते. एक ते दहा, ओळीने. उस्तादांना एका क्षणात सगळं समजलं. मी त्यांच्या समोरच होते, म्हणून मला ते दिसलं. त्यांचं तोंड उघडलं, बोट वर आलं, मधल्या बोल्टांकडे वळलं. एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यात त्यांनी बोट मुडपलं आणि वाक्य गिळलं.

"शनिवारी भंगारवाला येतोय ना?" एवढंच बोलून ते गेले.

दुपारी ड्रायव्हर माझ्याजवळ आला. गादीवाली माझ्या चाकाशी जमिनीवर बसली होती. तो कडवटपणे म्हणाला, "झालं समाधान? चव्हाट्यावर उघडी पाडलीस माझी गाडी. आता निदान पुन्हा झाकून ठेव."

"तुमची गाडी दगा देणाऱ्यातली नाही," ती म्हणाली. "हेड काढलं तेव्हा बघितलं मी. कितीतरी वेळ तापत होती ती. काटा वरच असणार. तुम्ही बघितला कसा नाही?"

त्याने खांद्यावरच्या टॉवेलने माझी काच पुसायला घेतली. 

"दिसला नाही," तो शेवटी म्हणाला. "काटा दिसत नव्हता मला. वर्षभर दिसत नव्हता."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगून काय करणार होतीस? डोळ्यांना कव्हर शिवणार होतीस?"

ती उठली आणि आत गेली. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. माझा मात्र अर्धा राग तिथेच विरला. ज्याच्यावर राग धरला, त्याने आपणहून चूक मान्य केली की राग धरून ठेवायला जागाच उरत नाही.

गुरुवारी गादीवाली दारात बसून एका गिऱ्हाइकाच्या सीटवर नवं कव्हर चढवत होती. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, हातात हातोडी. ती कव्हर कसं चढवते, हे मी हजार वेळा बघितलं होतं आणि कधी मनावर घेतलं नव्हतं. आधी एक चूक मधोमध ठोकायची. मग तिच्या समोरची. मग कापड ताणून डाव्या अंगाची आणि लगेच तिच्या समोरची उजव्या अंगाची. असं मधून बाहेर, समोरासमोर. एका टोकापासून ठोकत गेलं तर कापडाची चुणी पुढे सरकत जाते आणि शेवटी एका कोपऱ्यात गोळा होते.

तिने तिसरी चूक ठोकली आणि हात तसाच हवेत राहिला. तोंडातल्या चुका तिने तळहातावर काढून ठेवल्या. मग ती माझ्याजवळ आली आणि दहा बोल्टांकडे बराच वेळ बघत राहिली. बोटाने मधले दोन दाबून बघितले, मग त्यांच्या बाजूचे.

"चुणी आहे ही," ती हळूच म्हणाली. "पॅकिंगला चुणी पडली."

शुक्रवारी तिने मला पुन्हा उघडलं. या वेळी मी एकही बोल्ट धरून ठेवला नाही. दुधाळ ऑईल काढून टाकलं, नवं भरलं. दुसरं पॅकिंग बसवलं. मग जुने आकडे पुसून तिने खडूने नवे टाकले. एक आणि दोन मधोमध. तिथून डावीउजवीकडे, समोरासमोर, बाहेरच्या टोकांपर्यंत. तीन दमात. शेवटच्या दमालाही पाना सटकला नाही. मी श्वास रोखून बसले होते, मला श्वास असता तर.

शनिवारी भंगारवाला सकाळीच ट्रक घेऊन आला. साखळी त्याने आधीच काढून ठेवली होती. "बाई, उगाच वेळ कशाला घालवता? लावू का साखळी?"

"थांबा," गादीवाली म्हणाली आणि आत बसली.

मी पहिल्या किल्लीला सुरू झाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंगळवारीही मी सुरू झालेच होते, हे सगळ्यांना आठवत होतं. ती मला बाहेर नेईना. तशीच सुरू ठेवून बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भंगारवाला घड्याळ बघू लागला. "अहो, चालते तर न्या ना बाहेर."

"तापू दे," ती म्हणाली. "गार असताना सगळ्याच गुणी असतात."

काटा वर आला, मधे येऊन थांबला, आणि तिथेच राहिला. मागे धूर नव्हता. तेव्हा उस्ताद पुढे आले. त्यांनी कुणाला विचारलं नाही. तिला इंजिन बंद करायला लावलं, ऑईलची पट्टी स्वतः ओढली आणि बोटावर ऑईल घेऊन उन्हात धरलं. ते पांढरं असावं, अशी त्यांची केवढी इच्छा होती, ते त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं. ऑईल स्वच्छ होतं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला, पुन्हा उन्हात धरलं.

मग त्यांनी बोल्टांवरचे आकडे बघितले.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"असं कसं? कुणीतरी सांगितलंच असणार." ते गर्रकन आपल्या मिस्त्रींकडे वळले. "तुमच्यापैकी कोण बोललं? बोला, फितुरांनो."

मिस्त्री एकमेकांकडे बघू लागले. खरं तर त्या दोघांनाही तो क्रम अजून पाठ नव्हता, हे मी तुम्हालाच सांगते.

गादीवालीने मला पुन्हा सुरू केलं, गियर टाकला आणि मी फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर वळसा घेऊन आम्ही परत आलो तेव्हा भंगारवाला कपाळाला आठ्या घालून साखळी गुंडाळत होता. उस्ताद अंगणाच्या मध्ये तोंड फिरवून उभे होते. त्यांनी वाट दिली, तीही पाऊलभरच. ड्रायव्हर दारात बसला होता, डोळे मिटून. अभिनंदनाचा शब्द त्याच्याही तोंडून निघाला नाही.

"तिसऱ्या सिलिंडरचा आवाज जरा जड येतोय," तो म्हणाला.

"येतोय," ती म्हणाली. "उद्या तुम्ही कान द्या, मी हात देते."

मित्रांनो, त्याला आता बरेच दिवस झाले. अंगणात तिच्या नावाची पाटी लागली आहे. उस्ताद अजून तिच्याशी बोलत नाहीत, आणि बोलतील असंही दिसत नाही. सगळी वैरं मिटतातच असं नाही. माझं मिटलं, तेवढ्यापुरतं मी देवाचे आभार मानते.

तुमच्याकडे मोटार असेल तर तिचा काटा बघत जा, तिला पाणी घालत जा. हे मी म्हणणारच, मोटारीची जात माझी. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. कधी कुणी गादीवाला, भाजीवाली, पोस्टमन, कुणीही, आपल्या हाताने काही शिकू बघत असेल आणि चुकत असेल, आणि तुम्हाला बरोबर काय ते ठाऊक असेल, तर ते ओठांवरचं वाक्य गिळू नका. ज्ञान गिळलं तर पोट भरत नाही, आतलं तेल मात्र नासतं.

मी आता खूप थकले आहे. कधीतरी मला कायमची उघडतील, एकेक भाग वेगळा करतील. त्या दिवसासाठी परमेश्वराकडे माझं एकच मागणं आहे. मला उघडणारे ते हात जाणत्याचे नसावेत. ते नुकतंच शिकू लागलेल्या कुणाचे तरी असावेत, आणि ते माझ्यावर खुशाल चुकावेत.